झील कोण धरणार?

(आगमन शताब्दीच्या संगीतसभेत, वादनाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज जेवणाआधी आम्ही पंचवीस मिनिटं तुणतुणं वाजवणार आहोत. त्याला एक वायर जोडलेली दिसेल, वायरच्या पुढे पायाने दाबायची तीन पेडल दिसतील आणि शेवटी एक लाउडस्पीकर. हा बेत कार्यक्रमपत्रिकेत छापून आल्यापासून समितीकडे तीन प्रश्न आले आणि समितीने ते आमच्याकडे धाडले. पहिला प्रश्न ज्येष्ठांचा: गोंधळात देवीपुढे वाजणाऱ्या वाद्याला हा विजेचा खेळ कशाला? दुसरा, शास्त्रीय संगीत शिकवणाऱ्या मंडळींचा: याला संगीत म्हणायचं का? तिसरा प्रश्न अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा: तुणतुणं म्हणजे काय? आम्ही मुलांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर नीट दिलं की बाकीच्या दोघांचं अर्धं काम होतं.

तुणतुणं म्हणजे एक पोकळ नळकांडं. बहुधा लाकडाचं, कधी पत्र्याचंही. त्याच्या तळाला कातडं ताणून बसवलेलं असतं. नळकांड्याच्या अंगाला बाहेरून एक दांडा ठोकलेला असतो आणि दांड्याच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध अडकवलेली पोलादी तार नळकांड्यातून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. झालं वाद्य. एक तार, एक सूर. बोटाने किंवा लहानशा काडीने ती तार छेडत राहायचं. म्हणून तर एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, 'याचं आपलंच तुणतुणं चाललंय.' या म्हणीने वाद्यावर थोडा अन्यायच केला आहे. जो माणूस तुणतुणं वाजवतो तो स्वतःचं कधीच सांगत नसतो. तो दुसऱ्याचं ऐकत असतो.

पोवाड्याचा फड आठवा. पुढे शाहीर, हातात डफ. मागे दोघं-तिघं उभे, एकाच्या हातात तुणतुणं, एकाच्या हातात झांज किंवा मंजिरी. हे झीलकरी. शाहीर कडवं संपवत आणतो आणि शेवटचे शब्द झीलकरी उचलतात, 'जी जी रं जी' म्हणत वर चढवतात. याला झील धरणं म्हणतात. झीलकऱ्याची कामं तीन. शाहिराला श्वास घ्यायला उसंत द्यायची. त्याने सांगितलेलं श्रोत्यांच्या कानात पक्कं करायचं. आणि तिसरं, सगळ्यांत महत्त्वाचं: शाहीर थकला की त्याला रेटायचं, तो रंगला की मागे हटायचं. लढाईचा प्रसंग आला, चाल वाढली, की झीलकरी सांगण्याची वाट पाहत नाहीत. गोंधळातही हेच. नाईक कथा सांगतो, साथीदार त्याला टोकतात, प्रश्न विचारतात, हुंकार देतात. संबळ आणि तुणतुणं त्या बोलण्याच्या खाली अखंड चालू असतं.

तेव्हा मुलांनो, तुणतुणं हे मागे उभं राहणाऱ्याचं वाद्य आहे. आजचा आमचा सगळा खटाटोप त्या मागे उभं राहणाऱ्या माणसासाठी आहे.

शंभर वर्षांपूर्वी आपली माणसं मुंबईहून बोटीने निघाली आणि सुवेझमार्गे टिलबरीच्या धक्क्यावर उतरली. ट्रंकेत पोथ्या होत्या, देवघरातले टाक होते, एखाद्याकडे टाळ होते. गाणारा माणूस एकटा बोटीवर चढू शकतो. झीलकरी मात्र एकटा असून चालत नाही, आणि तो कुणी जपून ट्रंकेत ठेवण्यासारखाही नसतो. आपल्याकडे शिवजयंतीला पोवाडा अजून होतो. चांगला होतो. पण गेली कित्येक वर्षं आपण काय करतो ते पाहा. शाहीर म्हणून एक जण पुढे उभा राहतो आणि मागची झील रेकॉर्डवरची असते. माणसं स्लॉपासून लेस्टरपर्यंत पांगलेली, तालमीला चार जण एका संध्याकाळी एका खोलीत यायला तयार नाहीत. आपली भाषा या देशात टिकेल का, यावर आपण पुष्कळ बोललो. भाषेला जी झील लागते, समोरच्याचा शब्द उचलून परत देणारा माणूस लागतो, त्याच्याबद्दल कमी बोललो.

आता पेडलकडे वळू. आमच्या तीन पेडलांतल्या पहिल्याला डिले म्हणतात. त्याचं काम सोपं आहे: आत आलेला आवाज थोडा वेळ धरून ठेवायचा आणि मग परत द्यायचा. पूर्वी हे टेपवर करत. टेप आवाज नोंदवणाऱ्या हेडवरून पुढे सरकते आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या हेडपाशी तोच आवाज ऐकू येतो. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि दोन हेडमध्ये साडेसात इंच अंतर असेल, तर उत्तर अर्ध्या सेकंदाने येतं. आज तेच काम तळहाताएवढ्या डबीतली चिप करते. हे यंत्र आम्ही पहिल्यांदा तुणतुण्याला जोडलं तेव्हा आमच्यातल्या एकाच्या तोंडून आपसूक निघालं, 'अरे, हा तर झीलकरी!'

त्या एका उद्गारापासून आम्ही कामाला लागलो. आपण काही जगावेगळं करतोय असा आमचा समज नव्हता, आजही नाही. काँगोच्या किन्शासा शहरात 'कोनोनो नंबर वन' नावाचा फड आहे. मिंगिएदी नावाच्या वादकाने तो १९६० च्या दशकात उभा केला. त्यांचं वाद्य लिकेंबे: लाकडी पेटीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, अंगठ्यांनी छेडायच्या. गाव सोडून ही माणसं राजधानीत आली, रस्त्यावर वाजवू लागली आणि वाहनांच्या गोंगाटात लिकेंबे ऐकूच येईना. मग त्यांनी जुन्या मोटारींच्या भागांतली चुंबकं काढून स्वतःचे मायक्रोफोन बनवले. त्यातून आवाज मोठा झाला, आणि सोबत फाटकाही झाला, खरखर घेऊन आला. त्यांनी ती खरखर काढून टाकली नाही, वाद्यात सामावून घेतली. २००४ मध्ये त्यांचा 'काँगोट्रॉनिक्स' हा अल्बम निघाला आणि युरोप-अमेरिकेतल्या प्रायोगिक संगीतवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. गाव सोडून आलेल्या माणसांना आपलं वाद्य ऐकू यावं, एवढंच मुळात कारण होतं.

आपल्या घरचं उदाहरण त्याहून जवळचं आहे. मुंबईत गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पथक ज्यांनी ऐकलंय त्यांनी हात वर करा. बघा, किती हात आले! तो बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि बुलबुलतरंगाचं मूळ जपानी ताइशोगोतोमध्ये. ते १९१२ साली नागोयात तयार झालं. कळा दाबून तारा वाजवण्याचं हे वाद्य आपल्याकडे आलं, कोळीवाड्यांत आणि चाळींत रुजलं, त्याला पिकअप आणि अॅम्प्लिफायर लागला आणि ते हातगाडीवर चढून मिरवणुकीपुढे चालू लागलं. वीज लोकसंगीतात कधीच शिरली आहे. ती आणायला कुणाची परवानगी लागली नव्हती. आज बेंजोशिवाय मिरवणूक सुनी वाटते.

तिसरं नाव अमेरिकेतल्या पॉलिन ऑलिव्हेरॉस यांचं. त्या १९३२ साली ह्यूस्टनला जन्मल्या, २०१६ मध्ये गेल्या. त्यांचं वाद्य अॅकॉर्डियन, तिकडच्या लग्नसमारंभांत आणि नाचांत वाजणारं. त्यांनी अॅकॉर्डियनला टेपचे डिले जोडले आणि पुढे पायाच्या पेडलांनी चालणारी स्वतःची एक यंत्रणाच अनेक वर्षं घडवत नेली. १९८८ मध्ये त्या आणि त्यांचे साथीदार वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वर्डन इथल्या जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरले. तिथे आवाज विरायला सुमारे ४५ सेकंद लागत. म्हणजे आता वाजवलेला सूर पाऊण मिनिटानंतरही तुमच्याभोवती असतो. अशा जागी घाई करणाऱ्याचा नुसता कालवा होतो. आधी ऐकावं लागतं, मग वाजवावं लागतं. ऑलिव्हेरॉस यांनी पुढे आयुष्यभर हेच शिकवलं. झीलकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही, पण तोच धडा आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे: याला संगीत म्हणायचं का? आम्ही काय केलं ते सांगतो, निर्णय तुम्ही करा.

पहिला पेच मायक्रोफोन कुठे लावायचा हा होता. आम्ही साधा मायक्रोफोन न वापरता वाद्याच्या अंगाला चिकटवायचा पिझो वापरतो: नाण्यासारखी पातळ चकती, दाब पडला की तिच्यातून किंचित वीज निर्माण होते. दाबातून वीज होण्याचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता. ही चकती दांड्यावर लावली तर तारेचा टणत्कार येतो, लाकडावर लावली तर ठोका येतो, कातड्याच्या कडेला लावली तर घुमारा. एका वाद्याची तीन वाद्यं होतात. गंमत म्हणजे, हाच पेच अभ्यासकांनाही पडला होता. १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी जगातल्या वाद्यांची वर्गवारी केली तेव्हा बंगालच्या गोपीयंत्रासारखी, आपल्या तुणतुण्याच्या भावकीतली वाद्यं त्यांनी चर्मवाद्यांत घातली. पुढच्या अभ्यासकांनी म्हटलं, थांबा, ही तंतुवाद्यं आहेत. तारेचं म्हणावं की कातड्याचं? वाजवणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, एकाला दुसऱ्यावाचून आवाज नाही. तार इकडून तिकडे एकदा झोका घेते तेवढ्यात कातडं दोनदा ओढलं जातं, म्हणून मूळ सुरासोबत वरच्या सप्तकातला सूरही त्यात डोकावतो. तुणतुण्याचा तो किनरा, थोडा हट्टी आवाज तिथून येतो. आम्ही चकती कातड्याच्या कडेला लावली, कारण तार आणि कातडं यांचं भांडण तिथे सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतं. चकतीच्या पुढे योग्य प्रीअॅम्प लागतो. तो नसेल तर खालचे सूर गळतात आणि वाद्य पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं.

मग एकेक परिणाम जोडून पाहिला. फ्रीझ नावाचा एक प्रकार असतो: आवाजाचा बारीक तुकडा पकडून तो अखंड लांबवत ठेवायचा. ऐकायला फार गोड. पण तो लावला की तुणतुण्याचा तानपुरा होतो. तानपुरा सुरांचं अंथरूण घालतो, तुणतुणं पावलं टाकतं. पावलं काढून घेतली तर वाद्य उरत नाही, म्हणून फ्रीझ आम्ही बाजूला ठेवला. रिंग मॉड्युलेटर दोन सुरांची बेरीज आणि वजाबाकी ऐकवतो. २०० आणि ३०० कंपनांचे सूर दिले तर ५०० आणि १०० चे मिळतात. त्यातून घंटेसारखा, थोडा भेसूर नाद येतो. तो आम्ही एकाच जागी वापरला आहे, ती जागा तुम्हाला आपोआप कळेल. तिसरं पेडल खरखरीचं. किन्शासाच्या त्या मंडळींना आमचा तेवढा मुजरा.

राहिला डिले, आमचा झीलकरी. इथे थोडा हिशेब आहे. मिनिटाला १५० आघात धरले तर दोन आघातांत ४०० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. डिलेही ४०० वर ठेवला तर त्याचं उत्तर बरोबर पुढच्या आघाताखाली दडतं, ऐकूच येत नाही. तो ६०० वर नेला की उत्तर दोन आघातांच्या मधोमध पडतं आणि वाटतं, मागे दुसरा कुणी तुणतुणं घेऊन उभा आहे. पहिल्यांदा ते ऐकताना अंगावर काटा येतो.

पण पाचव्या मिनिटाला त्याचा कंटाळा येतो. ही आम्हाला या कामात सापडलेली खरी गोष्ट आहे. यंत्र जे दिलं तेच परत देतं. वादकाने चाल वाढवली तरी ते ६०० वरच अडून बसतं. वादक थकला तर ते त्याचा थकवाही इमानाने परत देतं, त्याला रेटत नाही. झीलकऱ्याची तीन कामं मघाशी सांगितली. पहिली दोन हे यंत्र करतं, तिसरं करत नाही. त्याला ऐकू येतं, पण त्याचं लक्ष नसतं.

म्हणून आमच्या फडात एक नियम आहे. एक जण तुणतुणं वाजवतो आणि दुसरा हातात कुठलंही वाद्य न घेता फक्त डिलेपाशी बसतो. डिले किती लांबवायचा, किती वेळा परत येऊ द्यायचा, कधी गप्प करायचा, हे तो वादकाकडे पाहून ठरवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल हा माणूस नुसता बटणं फिरवतोय. खरं तर तो झील धरतोय. चार तालमींनंतर वादक त्याच्याकडे बघायला लागतो, मग तो थांबला की वादकही थांबतो. तिथून पुढे जे होतं त्याला आम्ही संगीत म्हणतो.

याच कारणाने आम्ही लॅपटॉपला वाद्याच्या मागे चालायला लावतो, वाद्याला लॅपटॉपच्या मागे नाही. या देशातली हवा तुम्ही जाणता. पावसाळी दिवशी कातडं सैलावतं, सूर उतरतो. हीटर लावला की कातडं सुकून ताणतं, सूर चढतो. संगणकातला सूर पक्का बसवला तर दर दहा मिनिटांनी वाद्य बेसूर ठरेल. म्हणून सुरुवातीला तुणतुण्याचा त्या दिवशीचा सूर घेतो आणि बाकी सगळं त्याला मिळवतो.

राहिला पहिला प्रश्न, ज्येष्ठांचा. आम्ही तो हलका मानत नाही. गोंधळ हा देवीचा विधी आहे. ज्या घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालवला त्या गोंधळ्यांचा त्यावर हक्क आहे, त्यांचं पोटही त्यावर आहे. म्हणून आम्ही काही गोष्टी स्वतःवर बंधनकारक केल्या आहेत. देवीच्या आवाहनाला आम्ही पेडल लावत नाही. कुणा गोंधळ्याच्या गाण्याची रेकॉर्ड कापून, तुकडे करून वापरत नाही. ज्याच्याकडून शिकतो त्याला गुरुदक्षिणा देतो, आणि ती हात जोडून नाही, बँकेतून देतो. तुणतुणं मात्र केवळ विधीचं वाद्य कधीच नव्हतं. ते तमाशात वाजलं, पोवाड्यात वाजलं, गिरणगावात मजुरांच्या सभांपुढे वाजलं. ते जिथे माणसं जमली तिथे गेलं. आपण इथे जमलो आहोत, म्हणून ते इथेही आलं आहे.

प्रदर्शनाच्या दालनात काचेच्या पेटीत एक जुनं तुणतुणं ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. आपल्यातल्या एका कुटुंबाने ते शताब्दीसाठी दिलं. कातडं फाटलं आहे, तार गंजली आहे. आम्हाला काहींनी सुचवलं की यालाच नवं कातडं चढवून, आत चकती बसवून आज वाजवा. आम्ही नको म्हटलं. त्या लाकडावर कुणाच्या तरी हाताची झीज आहे, तिला भोक पाडायचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही त्याची मापं घेतली आणि त्या मापाचं नवं करवून घेतलं. जुनं काचेत राहू दे. पण त्याच्यासोबतची झील काचेत ठेवता येत नाही, हे तिथून जाताना लक्षात असू द्या.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. जानेवारीपासून दर शनिवारी सकाळी याच सभागृहात आम्ही तुणतुणं शिकवणार आहोत. पहिले सहा महिने वायर नाही, पेडल नाही. वीज जे आहे ते मोठं करते, कच्चा हातसुद्धा. एक सूर, एक लय, तासभर न ढळता, आणि लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर. हे जमलं की पेडल शिकायला एक दुपार पुरते. मुलांनी यावं, मुलींनी यावं, मराठी अडखळत बोलणाऱ्यांनी तर जरूर यावं. झील धरायला मोठी वाक्यं लागत नाहीत. दुसऱ्याचा शेवटचा शब्द नीट ऐकावा लागतो, एवढंच.

आणि ज्येष्ठांना एक विनंती. तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी गावच्या फडात 'जी जी रं जी' म्हटलं आहे, त्यांनी आज वादनात मध्येच झील धरली तर आम्हाला आनंद होईल. आमचा डिलेपाशी बसलेला मित्र लगेच हात मागे घेईल. आमच्याकडे यंत्रं तीन आहेत, माणसंच कमी आहेत.

 आता वाद्य मिळवतो.